आधी तळमजला बघ

प्रिय मित्रा,

पुनर्विकासाच्या टीममध्ये तुझी निवड झाली, अभिनंदन! सुरुवातीचे काही दिवस टॉवरच्या उंचीकडे बघूच नकोस. तळमजल्याचा नकाशा घेऊन बस.

मुंबईत वरळीच्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या) चाळी घे. १९२०च्या दशकातल्या, तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास सामायिक. ऑगस्ट २०२५मध्ये तिथल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. चाळसंस्कृती गेली म्हणून उसासे टाकणाऱ्यांत तू जाऊ नकोस. सकाळी बादली घेऊन रांगेत उभं राहिलेलं त्यांच्यातलं कुणी क्वचितच असतं.

मात्र जुन्या इमारतीतला पॅसेज पाडण्याआधी नीट बघून घे. तेवढ्याशा खोलीत सहा-सात माणसं राहिली, कारण निम्मा संसार बाहेर होता: मुलांचा अभ्यास, पापडांची लाटणी, रात्रीच्या पथाऱ्या, गणपतीच्या वर्गणीची भांडणं. चाळीस मजल्यांच्या इमारतीत हे कुठे जाणार? कोपऱ्यात ‘सोसायटी ऑफिस’ दाखवून भागत नाही. जमिनीलगत, येता-जाता थांबता येईल अशी सावलीची जागा माग. तिथे हटकून पार्किंग आडवं येईल. ते लोकांनाही हवं असतं, त्यामुळे भांडण नुसतं बिल्डरशी नसेल, याची तयारी ठेव.

वरळी नाक्याला आता आचार्य अत्रे चौक मेट्रो स्टेशन आहे. चाळीच्या फाटकापासून तिथवर पावसात चालत जा, सोबत एखाद्या आजी असतील तर उत्तम. फूटपाथ कुठे संपतो, रस्ता ओलांडायला किती वेळ खोळंबावं लागतं, हे टिपून ठेव. पार्किंग कमी करा म्हणताना हाच कागद कामी येईल.

आणि नियमावली स्वतः वाच. गिरण्यांच्या जमिनीबाबत मुंबईच्या १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८मध्ये महापालिकेला मोकळ्या जागांसाठी आणि म्हाडाला घरांसाठी साधारण एकेक तृतीयांश वाटा होता. २००१च्या दुरुस्तीनंतर वाटणी फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीची उरली. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती दुरुस्ती टिकली. परळच्या गल्ल्यांत आज मैदान शोधून बघ.

लिफ्ट, पंप, जनरेटर यांचा महिन्याचा खर्च मात्र पहिल्याच बैठकीत विचार. फुकट मिळालेलं घर मेंटेनन्सपायी विकावं लागलं, तर आपण माणसं हलवली, वस्ती नव्हे. पुढच्या वेळी येशील तेव्हा तळमजल्याची प्रिंट मोठ्या कागदावर आण, माझा चष्मा जाड झालाय.

तुझा,
सर