एसयूव्हीत चांगल्या आवाजासाठी आधी स्पीकर बदलावेत की डॅम्पिंग करावं?

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन वेगळ्या तक्रारी आहेत. मुलुंड ते बीकेसी रोज जाता-येता कंपनीचे स्पीकर पत्र्याच्या डब्यासारखे वाजतात आणि आवाज वाढवला की दार खडखडतं, ही एक. पुण्याला जाताना एक्स्प्रेसवेवर टायरची घरघर गाण्यावर चढते, ही दुसरी. दुकानदारानं दोन्हींवर एकच औषध दिलं: पूर्ण गाडीला डॅम्पिंगची, म्हणजे पत्र्याची थरथर मारणारी, शीट, कॉम्पोनंट स्पीकर (वरच्या आणि खालच्या सुरांसाठी वेगळे), अ‍ॅम्प (आवाजाची ताकद वाढवणारा ॲम्प्लिफायर) आणि सबवूफर (सगळ्यात खालच्या सुरांचा वेगळा स्पीकर). तेवढं बजेट नाही, तर सुरुवात कुठून करायची, असं तुम्ही विचारलंय.

पुढच्या दोन दारांपासून करा. आणि पैसे कमी पडत असतील तर स्पीकर थोडे स्वस्तातले घ्या, पण दारात काटकसर करू नका.

घरच्या स्पीकरला लाकडी खोका असतो. गाडीत ते काम दार करतं, आणि दार त्यासाठी बनवलेलंच नसतं. स्पीकरचा कोन पुढे सरकतो तेव्हा समोर हवेचा दाब वाढतो आणि त्याच क्षणी मागे तो कमी होतो. दाराच्या आतल्या पत्र्याला, काचेची मोटर आणि कुलूप बसवता यावं म्हणून, हात जाईल एवढी मोठी भोकं असतात. त्यांतून मागची लहर पुढे येते आणि दोन्ही एकमेकींना मारून टाकतात. सर्वात जास्त फटका खालच्या सुरांना बसतो. तबल्याची चाट ऐकू येते, डग्ग्याची घुमक गायब होते. या उघड्या दारात महागडे स्पीकर बसवले तरी घुमक परत येत नाही. उलट, मी माझ्या गाडीत आधी फक्त दारांची भोकं बंद करून घेतली, स्पीकर कंपनीचेच ठेवले, तेव्हा ढोलकीच्या धुमीला वजन आलं ते पहिल्याच गाण्यात कळलं.

आता शीटबद्दल, कारण बाजारात सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे. चांगली शीट म्हणजे ब्युटाइल रबराचा साधारण 2 मिलिमीटरचा थर आणि वर ॲल्युमिनियमची पातळ फॉइल. दार थरथरलं की मधलं रबर ताणलं जातं आणि त्या कंपनाची उष्णता होऊन जाते. म्हणून बाहेरच्या पत्र्याला इंच न् इंच झाकायची गरज नाही. मधल्या सपाट भागावर पाव ते एक तृतीयांश क्षेत्र झाकलं तरी बहुतेक काम होतं. शीट लावण्याआधी बाहेरून बोटांच्या पेरांनी दार ठोठावून बघा, ‘टण्ण’ असा लांबणारा आवाज येईल. नीट लावल्यावर तिथेच ‘धप्प’ येतो आणि लगेच विरतो. कारागिरासमोर ही परीक्षा घ्या. आतल्या पत्र्याचं गणित वेगळं, तिथे भोकं बंद करायची असल्यानं जवळजवळ पूर्ण झाकावं लागतं. मोठ्या भोकावर नुसती शीट ताणली तर ती स्वतःच थरथरते, खाली प्लॅस्टिकचा किंवा ॲल्युमिनियमचा कडक तुकडा हवा. तो स्क्रूनं बसवून घ्या, उद्या काचेची मोटर बिघडली तर उघडता आला पाहिजे.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा ऑपेरा हाउसजवळच्या दुकानांत विचारलंत तर स्वस्तातली काळी शीटही दाखवतील. वास घेऊन बघा. डांबराचा वास आला तर ती बिटुमेनची. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ती मऊ पडते, उभ्या पत्र्यावरून घसरते आणि केबिनमध्ये वास धरून राहतो. स्वस्त असली तरी दारात ती नकोच.

काम करताना घाई करणारा कारागीर टाळा. पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून पूर्ण कोरडा झाला पाहिजे, कारण बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला कारखान्यातल्या मेणाचा आणि धुळीचा थर असतो. भोकांतून हात घालून तुकडे लावायचे असतात, कडा धारदार असतात, जागा दिसत नाही. मग रोलर दाबून फिरवायचा, ॲल्युमिनियमवरची उठावाची नक्षी सपाट होईपर्यंत. जिथे नक्षी तशीच दिसते तिथे शीट चिकटलेली नाही, असं समजा. पावसाळ्यात हे काम काढू नका, दमट पत्र्यावर शीट धरत नाही.

आणि मुंबईत सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाणी. काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दारात जातंच, ते तळाच्या छोट्या भोकांतून बाहेर पडतं. ही भोकं शीटखाली गेली तर जुलैभर दारात पाणी साचून तळ गंजतो. दाराचं आतलं पॅड (प्लॅस्टिकचं आवरण) परत बसवण्याआधी काचेवर बाहेरून तांब्याभर पाणी ओता आणि ते खालून ठिबकतंय का, स्वतः वाकून बघा. दारात साधा स्पंज किंवा गादीचा फोमही घालू देऊ नका, तो पाणी धरतो. फोम हवाच तर बंद पेशींचा (क्लोज्ड सेल), म्हणजे पाणी न शोषणारा. स्पीकरखालची रिंगही एमडीएफची (लाकडाच्या भुशाच्या फळीची) नको, ती पाण्यानं फुगते. प्लॅस्टिकची किंवा ॲल्युमिनियमची घ्या.

एक धोका दुकानदार सहसा सांगत नाहीत. काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅगसाठी पुढच्या दारातच हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. दाराची आतली भोकं किती बंद आहेत यावर त्याचं मोजमाप अवलंबून असतं. गाडीचं मॅन्युअल काढून दार किंवा स्पीकर बदलण्याविषयी काही इशारा आहे का ते वाचा. असेल तर भोकं बंद करू नका, फक्त बाहेरच्या पत्र्यावर थांबा, आणि त्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा. कर्टन एअरबॅग (खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी) असलेल्या गाडीत ए-पिलर, म्हणजे पुढच्या काचेच्या बाजूचा खांब, उघडून ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) बसवायलाही नकार द्या.

स्पीकर निवडताना खोक्यावरचा ‘300 वॅट’ हा आकडा सोडून द्या, तो क्षणभराच्या कमाल ताकदीचा असतो. कंपनीच्या म्युझिक सिस्टिममधून एका चॅनलला खरे 15–20 वॅटच मिळतात. म्हणून सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये स्पीकर किती मोठ्यानं वाजतो ते. 86 डेसिबलच्या स्पीकरला 92 डेसिबलवाल्याइतकं वाजायला चौपट वॅट लागतात. अ‍ॅम्प लगेच घेणार नसाल तर 90 च्या वरचेच घ्या. मॅग्नेटची खोली मोजा, काच पूर्ण खाली केली की ती मॅग्नेटला टेकता कामा नये. वायर कापू न देता कपलर (कंपनीच्या सॉकेटमध्ये थेट बसणारा जोड) मागा, वॉरंटीचा वाद त्यानं बराच टळतो. बसवून झाल्यावर बॅलन्स मधोमध ठेवून गाणं लावा. गायकाचा आवाज डॅशबोर्डच्या मधून न येता विखुरलेला वाटला आणि डग्गा पातळ झाला, तर एका बाजूचे प्लस-मायनस उलटे जोडलेत. मागच्या दारांवर आत्ता खर्च नको, चालवणाऱ्याला ऐकू येतं ते मुख्यतः पुढचंच.

आता टायरची घरघर. इथे दारातल्या शीटकडून फार अपेक्षा ठेवू नका. ती पत्र्याची थरथर मारते, हवेतून येणारा आवाज अडवत नाही. त्याला जड थर लागतो, म्हणजे सीट काढून कार्पेटखाली आणि चाकांच्या कमानींवर मास लोडेड व्हिनाइल (आवाज अडवणारी जड चादर). हे मोठं काम आहे, आणि सीटखाली एअरबॅगचे पिवळे कनेक्टर असतात, त्यामुळे बॅटरी काढल्याशिवाय कोणाला हात लावू देऊ नका. त्याआधी टायर तपासा. ते वेडेवाकडे झिजले असतील तर घरघर तिथूनच येते. वेगाबरोबर वाढणारी आणि वळणावर कमी-जास्त होणारी ‘घूंऽ’ असेल तर चाकाचं बेअरिंग दाखवा. दाराचं रबर बीडिंग कडक झालंय का, तेही बघा. काँक्रीटचा रस्ता डांबरीपेक्षा मुळातच जास्त आवाज करतो, त्यामुळे एक्स्प्रेसवेवरच्या काँक्रीटची तुलना डांबरी रस्त्यांशी करू नका.

दारं आणि पुढचे स्पीकर झाले की महिनाभर ऐका. डग्गा अजूनही हवा तसा भरत नसेल तर सीटखालचा छोटा सबवूफर घ्या, 80 हर्ट्झच्या खालचं, म्हणजे सगळ्यात खालच्या सुरांचं, काम दारातल्या स्पीकरकडून नीट होत नाही. अ‍ॅम्प बसवला तर पॉवरची वायर थेट बॅटरीवरून येईल, तिचा फ्यूज बॅटरीपासून हातभराच्या आतच हवा. तो अ‍ॅम्पजवळ बसवला तर मधली सगळी वायर विनासंरक्षण राहते आणि ती कुठे घासून उघडी पडली तर आग लागू शकते. गाडी ताब्यात घेताना बॉनेट उघडून तो फ्यूज आधी बघा, मग पैसे द्या.