पडल्यानंतर तीन आठवड्यांनी वडील पेंगतात, विसरतात. वयामुळे असेल का?

तुमचे वडील ७४ वर्षांचे, तीन आठवड्यांपूर्वी मोरीत घसरून पडले, टेंगूळ आलं आणि उतरलं. आता दिवसभर पेंगतात, वार-तारीख विसरतात, चालताना तोल जातो. वय झालं म्हणून सोडून द्यायचं का, असं विचारलंय तुम्ही. कृपा करून सोडू नका. आजच डोक्याचा सीटी स्कॅन करून घ्या, माझं बाकीचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल. एमआरआयसाठी थांबू नका, साधा सीटी काही मिनिटांत होतो.

आमच्या आण्णांना कपाटाचं उघडं दार डोक्याला लागलं होतं, एवढंच. रक्त नाही, उलटी नाही. हळद लावली आणि विसरलो. महिन्याभराने त्यांच्या डाव्या पायातली चप्पल निसटायला लागली. चप्पल उंबऱ्यापाशी पडलेली आणि हे तसेच एका पायाने अनवाणी अंगणात, पत्ताच नाही! आई म्हणायची, हल्ली लक्ष नसतं यांचं. जवळच्या डॉक्टरांनी चक्करेच्या गोळ्या दिल्या, त्यात दहा दिवस गेले. मग एका सकाळी डाव्या हातातून चहाचा कप सुटला, तेव्हा न्यूरोसर्जन गाठला. स्कॅनमध्ये उजवीकडे रक्त साठलेलं आणि मेंदू पलीकडे सरकलेला.

याला क्रॉनिक सबड्युरल हिमाटोमा म्हणतात. वयानुसार मेंदू थोडा आक्रसतो, त्यामुळे त्याच्यापासून वरच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात. किरकोळ धक्क्यानेही एखादी फाटते आणि रक्त हळूहळू झिरपत राहतं. म्हणून मार लागतो त्या दिवशी माणूस ठणठणीत असतो आणि त्रास दिसायला कित्येक आठवडे जातात. घरच्यांना तो विसरभोळेपणा वाटतो, कधी अर्धांगवायू वाटतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर धोका वाढतो. आण्णांना हृदयासाठी ॲस्पिरिन होती आणि आम्ही ते पहिल्या डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं, याची मला आजही चुटपुट लागते. तुम्ही आवर्जून सांगा. मात्र गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

रक्त थोडं असेल तर डॉक्टर नुसती नजर ठेवतात. जास्त असेल तर कवटीला एक-दोन छोटी भोकं पाडून ते काढतात. बऱ्याच वयस्कर रुग्णांत हे तेवढ्याच जागेला भूल देऊनही होतं. आण्णांना दोन दिवस नळी होती, पिशवीत गाडीच्या जुन्या ऑइलसारखं काळपट पाणी उतरत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी डावा हात पुढे करून चष्मा मागितला आणि आई तिथेच रडायला लागली. काहींना रक्त पुन्हा साठतं, म्हणून नंतरच्या तपासण्या चुकवू नका.

उलट्या, झटका (फिट, आकडी), एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं, हाका मारूनही नीट जागं न होणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता १०८ला फोन करा. झटका आला तर कुशीवर वळवा. तोंडात चमचा घालणं, कांदा किंवा चप्पल हुंगवणं, पाणी पाजणं यातलं काही करू नका. दवाखान्यात जाताना ते कधी पडले ती तारीख लिहून घ्या आणि चालू गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत टाका.