छेद लिही

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. ताण मोजणाऱ्या सेन्सरसाठी, आतल्या बारीक चॅनलमध्ये द्रव धातू भरलेल्या सिलिकॉनच्या १४ पट्ट्या केल्यास. ३ गळल्या, १० पट्ट्यांचा विद्युत रोध दुप्पट ताणल्यावर चौपटीच्या आसपास गेला आणि एकीचा थेट ११ पट. लॅबमध्ये सगळे म्हणतात, पेपरात तीच दाखव. शेजारच्या टेबलावरच्या मुलाचे याच वर्षात तीन पेपर आले, तुझा एकही नाही. आता काय करू, असं विचारलंयस.

छेद लिही. ११ पट देणारी पट्टी १, हा अंश. त्याखाली १४ लिहिल्याशिवाय तो आकडा पेपरात जाता कामा नये.

आणि ती पट्टी सगळ्यात चांगली, हे ठरवलं कोणी? चॅनलमध्ये भरलेला गॅलियम-इंडियम हा मिश्रधातू द्रव आहे. ताणलं तरी त्याचं घनफळ तेवढंच राहतं. लांबी दुप्पट झाली की आडवं क्षेत्रफळ निम्मं होतं, म्हणून रोध चौपट. सरळ चॅनल सगळीकडे सारखा ताणला जात असेल तर आकडा चारच्या वर जायला कारणच नाही. अकरा आले याचा अर्थ संवेदनक्षमता वाढली असा नाही. आत कुठेतरी धातूची धार तुटायला आलीय, बहुतेक तारेच्या सांध्यापाशी अडकलेल्या बुडबुड्यामुळे. नाहीतर पट्टी एका जागी पातळ पडलीय आणि सगळा ताण तिथेच बसतोय. लॅब जिला हिरा म्हणतेय, ती तुझी चौथी बिघडलेली पट्टी असण्याची शक्यता जास्त आहे. हे तुला छेदानेच सांगितलं. ती एकटी पाहिली असतीस तर कधी कळलं नसतं.

त्या दहांवरही लगेच विश्वास ठेवू नकोस. तुझा चॅनल १० सेंटिमीटर लांब, २०० मायक्रॉन रुंद आणि तेवढाच खोल. हिशेब कर, रोध जेमतेम ०.७३ ओहम येतो. साध्या मीटरच्या तारा आणि चिमट्यांचाच ०.४ ओहम असेल, तर खरी चौपट वाढ मीटरवर २.९ पट दिसते. चार तारांनी मोज. दोन तारांतून प्रवाह, दुसऱ्या दोन तारांवर व्होल्टेज. हे न करता काढलेले आलेख मला दाखवू नकोस.

आता त्या गळलेल्या तीन. त्यांच्याबद्दल तू एका ओळीत लिहिलंस, याचं मला जास्त वाईट वाटलं, कारण खरं काम तिथे आहे. इकोफ्लेक्स ००-३० या तुझ्या सिलिकॉनचे दोन भाग समसमान घेतेस ना? वजनावर घे, डोळ्याने नको. मिसळल्यावर २३ डिग्रीला साधारण ४५ मिनिटं हातात असतात. एप्रिल-मेच्या दुपारी एसी बंद असेल तर तेवढी मिळत नाहीत, मिश्रण लवकर घट्ट होतं आणि बुडबुडे आतच राहतात. बुडबुडे काढायला व्हॅक्यूममध्ये ठेवलं की ते दोन-तीन पट फुगून वर येतं, म्हणून भांडं मोठं घे. लेटेक्सचे हातमोजे घालून साचा हाताळलास तर त्यातलं गंधक सिलिकॉन घट्ट करणाऱ्या प्लॅटिनम उत्प्रेरकाला निकामी करतं. मग वरचा थर कितीही वेळ ठेवला तरी चिकटच राहतो, आणि आपण उगाच मिश्रणाच्या प्रमाणाला दोष देत बसतो.

पण तुझ्या तिघी बहुधा जोडावर फुटल्या असतील. चॅनलवर झाकणाचा थर बसवताना खालचं सिलिकॉन फार ओलं असेल तर ते चॅनलमध्ये उतरून तो बुजतो, पूर्ण सुकलेलं असेल तर थर एकजीव होत नाही आणि ताणल्यावर शिवण उसवावी तसा जोड उकलतो. मधली वेळ काही मिनिटांचीच असते. ती वेळ तुझ्या वहीत आहे का? पट्टी क्रमांक, ओतल्याची वेळ, झाकण ठेवल्याची वेळ, खोलीचं तापमान, तीन जागी मोजलेली जाडी. एवढं असेल तर तीन गळलेल्या पट्ट्या म्हणजे एक अख्खा परिच्छेद आहे. तांब्याची तार वापरत असशील तर भरल्याची तारीखही लिही, गॅलियम हळूहळू तांब्याशी संयुग करत जातं आणि महिन्याने तोच सांधा वेगळा रोध दाखवतो. ॲल्युमिनियमच्या जवळपास ते नेऊ नकोस, ते पोखरून ठिसूळ करतं.

जाडीचा आग्रह उगाच नाही. २०११ साली जॉन रॉजर्स यांच्या गटाचा त्वचेबरोबर सुरकुतणारा पातळ तुकडा ‘सायन्स’मध्ये आला, तेव्हापासून या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाला तसा फोटो हवा असतो. त्या फोटोमागचं गणित असं, की वाकवताना लागणारा ताठरपणा जाडीच्या घनाने बदलतो. जाडी निम्मी झाली की ताठरपणा आठवा हिस्सा. दोन पट्ट्यांच्या जाडीत थोडाच फरक असला तरी अंगावर त्या वेगळ्या वागतात.

अंगावर लावायची वेळ येईल तेव्हा आधी एथिक्स कमिटीची परवानगी. लॅबमधल्याच मित्राचं मनगट असलं तरी. आणि तिथेही छेद. १२ जणांना लावली आणि ७ जणांचे आलेख छापले, तर उरलेल्या ५ जणांचं काय झालं ते लिही. घामाने सुटली, केसांवर चिकटली नाही, हातच हलला. तो सेन्सर पुढे ज्या परिचारिकेच्या हातात जाणार आहे, तिला त्या पाच जणांचीच माहिती लागणार आहे. पेटंटचा विचार असेल तर परिषदेत पोस्टर लावण्याआधी तात्पुरता अर्ज दाखल कर, पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. पोस्टर आधी लागलं तर नंतर धावपळ करून सहसा उपयोग होत नाही.

आता शेजारच्या तीन पेपरांबद्दल. राग आला तरी ऐक. इम्पॅक्ट फॅक्टर हा स्वतःच भागाकार आहे, मागल्या दोन वर्षांतल्या लेखांना मिळालेले संदर्भ भागिले त्या लेखांची संख्या. तो मासिकाचा आकडा आहे, त्या मुलाचा नाही आणि तुझाही नाही. माणसाचं मोल त्यावर ठरवू नका, असं २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोत मासिकांच्या संपादक आणि प्रकाशकांनी एकत्र बसून लिहून ठेवलं. तरी निवड समित्या तोच बघतात, हे मला माहीत आहे. संशोधकाचे पेपर आणि त्यांना मिळालेले संदर्भ यांवरून काढायचा एच-निर्देशांक २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ हर्श यांनी मांडला, त्यात तर किती जणांनी मिळून लिहिलं, हा छेदच नाही. म्हणून लेखकांचा क्रम आणि कोण काय करणार हे प्रयोग सुरू होतानाच ईमेलवर लिहून घे, निकाल आल्यावर नाही. त्यात संकोच कसला करतेस? सरांना विचारणं हा उद्धटपणा नाही.

माझ्या या हट्टापायी माझ्याकडच्या मुलांचे पेपर उशिरा निघाले, काहींच्या मुलाखती हुकल्या. त्याची खंत आहे. दोन मुलाखतींच्या तारखा तरी सांभाळायला हव्या होत्या, हे मान्य करतो. पण छेद गाळून ते लवकर काढायला हवे होते, हे मला आजही पटत नाही, आणि तुलाही तसा सल्ला मी देणार नाही. तुझ्या पेपरात १४ चा आकडा पहिल्या आकृतीखालीच येऊ दे, पुरवणी माहितीत लपवू नकोस. रिव्ह्यूअर म्हणेल, संवेदनक्षमता सामान्य आहे. त्याला सिद्धांतातली चौपट आणि तुझ्या दहा पट्ट्यांचे बिंदू एकाच आलेखावर काढून दाखव.

ती ११ पटवाली फेकलेली नाहीस ना? उद्या ती दुप्पट ताणून दहा मिनिटं तशीच धरून ठेव आणि रोध सरकतो का बघ. मग सोड, मूळ आकड्यावर परत येते का बघ. नंतर तारेचा सांधा सूक्ष्मदर्शकाखाली घे, ताणलेला आणि सैल असे दोन फोटो काढ, मोजपट्टीची रेघ विसरू नकोस, आणि रात्री मला पाठव. मी जागा आहे.

तुझा,
सर