आयन, अयन आणि 'यत्'

झिर्कोनियम टंग्स्टेट हे तापवल्यावर आकसणारे घन ऑक्साइड आहे. त्यातील आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, जागा बदलतात, त्या क्रियेला 'आयनीकरण' म्हणावे की 'आयनवहन', असा प्रश्न आहे. उत्तर 'आयनवहन' हेच आहे. आयनीकरण म्हणजे अणूने इलेक्ट्रॉन गमावून किंवा मिळवून आयन होणे. जो आयन आहेच, त्याच्या प्रवासाला हा शब्द लावणे सरळ चूक आहे आणि व्याख्यानांत ती वारंवार ऐकावी लागते, याचा मला मनापासून त्रास होतो. 'चालन' हा हिंदीतला शब्दही नको. उष्णतेच्या बाबतीत वहन, अभिसरण, प्रारण ही त्रयी आपण शाळेपासून वापरत आलो आहोत.

मात्र खरे वैभव 'आयन' या शब्दात आहे. विद्युत्-अपघटनात, म्हणजे विजेने पदार्थाचे घटक वेगळे करताना, विद्युतअग्रांकडे (इलेक्ट्रोडकडे) जाणाऱ्या घटकांसाठी भौतिकशास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे यांना नावे हवी होती. केंब्रिजमधील विद्वान विल्यम ह्यूएल यांच्याशी पत्रव्यवहार करून त्यांनी १८३४ साली जी नावे रूढ केली, त्यांत ग्रीक 'इऑन', म्हणजे 'जाणारे', हे एक होते. आपल्याकडचे काही अभ्यासक 'आयन' थेट उत्तरायणातल्या 'अयना'पासून आला असे ठामपणे सांगतात. ते मला मुळीच मान्य नाही. 'धन'पुढे 'अयन' ठेवा किंवा 'आयन', संधी 'धनायन' (धनभारित आयन) असाच होतो. एवढ्या साम्यावर व्युत्पत्ती उभी राहत नाही. मराठीने हा शब्द इंग्रजी उच्चारावरून घेतला. नाते आहे, पण ते त्याहून खोल आहे. ग्रीक धातू आणि संस्कृत 'इ' (एति, म्हणजे जातो) हे एकाच मूळ धातूचे वंशज आहेत. 'अयन' हे क्रियानाम आहे, म्हणजे 'जाणे' किंवा 'मार्ग'. 'इऑन' हे नपुंसकलिंगी वर्तमानकालवाचक धातुसाधित आहे आणि त्याचे नेमके संस्कृत जुळे रूप 'यत्' हे होय. आपले रोजचे 'येणे'ही याच धातूपर्यंत मागे नेले जाते.

हा अर्थ झिर्कोनियम टंग्स्टेटला लावून पाहावा. ०.३ ते १०५० केल्विन एवढ्या पट्ट्यात ते आकसत जाते, हे ऑरेगन स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी १९९६ साली दाखवले. झिर्कोनियम आणि टंग्स्टन यांच्यामध्ये पुलासारखा असलेला ऑक्सिजन आडवा झुलतो आणि, कपडे वाळत घालायची दोरी मध्यावर ओढली की तिची टोके जवळ येतात, त्याप्रमाणे दोन्ही धातू एकमेकांकडे खेचले जातात. या अवस्थेत ऑक्सिजन केवळ झुलत असतो, जात नसतो. सुमारे ४३० केल्विनला मात्र स्फटिकाची मांडणी बदलते, अव्यवस्था वाढते आणि ऑक्सिजन आयनांना आपल्या जागा सोडता येऊ लागतात. माझ्या मते शब्दाच्या मूळ अर्थाने ते 'आयन' होतात ते तेव्हाच. त्याखालच्या तापमानाला 'आंदोलन' लिहावे आणि 'वहन' हा शब्द त्यावरच्या तापमानासाठी राखावा.