जर्मनीत मार्केटिंग मॅनेजर म्हणून जाताना

मार्केटिंग मॅनेजर म्हणून चांगला अनुभव गाठीशी असताना जर्मनीतील मध्यम आकाराच्या यंत्रनिर्मिती कंपनीचा प्रस्ताव स्वीकारावा का, आणि तेथे पुढे कंपनीचे धोरण ठरवणाऱ्यांमध्ये स्थान मिळू शकेल का, असे तुम्ही विचारले आहे. मी याच देशात, अशाच प्रकारच्या कंपनीत विपणनाचे काम करते. माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र येथे पद मिळाले म्हणजे अधिकार मिळाला असे होत नाही. अधिकार इतरांच्या संमतीतून येतो आणि त्या संमतीचा काही भाग तर थेट कायद्यातच लिहिलेला आहे.

याचा पहिला प्रत्यय तुम्हाला बहुधा कर्मचारी परिषदेपाशी येईल, जिला येथे बेट्रीब्सराट म्हणतात. किमान ५ कायम कर्मचारी असलेल्या आस्थापनेत ती निवडता येते आणि १९७२ च्या कायद्याने तिला बरेच अधिकार दिले आहेत. समजा, विक्री विभागातील कोणी किती ग्राहकांशी संपर्क साधला आणि किती प्रस्ताव पाठवले हे दाखवणारी नवी सीआरएम प्रणाली, म्हणजे ग्राहकांशी असलेल्या संपर्काच्या नोंदी ठेवणारे सॉफ्टवेअर, तुम्हाला आणायची आहे. कर्मचाऱ्यांच्या वर्तनावर किंवा कामगिरीवर लक्ष ठेवू शकेल असे तांत्रिक साधन परिषदेच्या संमतीशिवाय वापरात आणता येत नाही, त्यामुळे तुमची प्रणाली याच नियमात बसते. जो मॅनेजर सगळे ठरवून, पुरवठादाराशी करार करून मग परिषदेकडे जातो, त्याचे महिनेच्या महिने वाया जातात. जो कच्चा आराखडा घेऊन जातो, कोणती आकडेवारी व्यक्तिनिहाय दिसेल आणि कोणती केवळ संपूर्ण विभागाची म्हणून दिसेल हे त्यांच्यासोबत बसून ठरवतो, त्याच्या हाती अखेर लेखी करार येतो आणि त्यानंतर कुरबुर फारशी उरत नाही. मॅनेजर आणि नेता यांतला फरक मला व्यवस्थापनाच्या कोणत्याही प्रशिक्षणापेक्षा या एका टेबलाभोवती अधिक स्पष्ट दिसला आहे.

धोरणाच्या बैठकांचेही तसेच असते. उत्पादन, सेवा आणि वित्त या विभागांचे प्रमुख आक्षेप मोकळेपणाने आणि तपशीलवार मांडतात. तो तुमचा अपमान नसतो. निर्णयाला वेळ लागतो, पण तो झाला की सर्वजण त्यावर विसंबून आपापली कामे आखतात. दर तिमाहीला दिशा बदलणारा माणूस चपळ नव्हे, तर बेभरवशाचा ठरतो.

विपणनाच्या ज्या युक्त्या तुम्ही आजवर वापरल्या असतील, त्यांपैकी काही येथे बेकायदा आहेत. अनुचित स्पर्धाविरोधी कायद्यानुसार सामान्य ग्राहकाला त्याच्या स्पष्ट पूर्वसंमतीशिवाय जाहिरातीचा फोन करता येत नाही आणि त्यासाठी ३ लाख युरोपर्यंत दंड होऊ शकतो. व्यावसायिक ग्राहकाच्या बाबतीत निदान त्याची संमती गृहीत धरता येईल असे ठोस कारण असावे लागते. जाहिरातीच्या ईमेलसाठी तर व्यावसायिकांचीही पूर्वसंमती लागते. विद्यमान ग्राहकांपुरता मर्यादित अपवाद आहे. त्यावर २५ मे २०१८ पासून लागू असलेला युरोपीय विदा-संरक्षण नियम आहेच. विकत घेतलेल्या याद्यांवर उभारलेली मोहीम म्हणूनच येथे चालत नाही, आणि खरे सांगायचे तर तिची उणीवही भासत नाही.

यंत्रांच्या व्यवसायात ग्राहक व्यापारी प्रदर्शनांत भेटतो. १९४७ पासून भरणारे हानोफर शहरातील औद्योगिक प्रदर्शन, हानोफर मेसे, दरवर्षी असते, तर बांधकाम यंत्रांचे म्युनिकमधील बाउमा तीन वर्षांतून एकदा भरते. त्यामुळे कंपनीच्या अंदाजपत्रकाची लय बऱ्याचदा प्रदर्शनांच्या वेळापत्रकाने ठरते. समोरचा खरेदीदार बहुधा अभियंता असतो. त्याला विशेषणे नकोत, त्याला सहनमर्यादा (मापात चालणारा कमीजास्त फरक), वीजवापर आणि सुटे भाग किती दिवसांत मिळतील हे हवे असते. म्हणून पहिले काही महिने जाहिरात संस्थेपेक्षा सेवा विभागातील तंत्रज्ञांसोबत ग्राहकांच्या कारखान्यांत जास्त फिरावे, असे मी सुचवेन.

व्हिसाची बाजू तुलनेने सोपी आहे. ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांसाठीचा वास्तव्य परवाना, ज्याच्याकडे आहे त्याला बी१ म्हणजे मध्यम पातळीची जर्मन येत असल्यास २१ महिन्यांनंतर आणि ए१ म्हणजे प्राथमिक पातळीची येत असल्यास २७ महिन्यांनंतर कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. पण बी१ वर नेतृत्व करता येत नाही. औपचारिक बैठक इंग्रजीत होते आणि खरा निर्णय त्यानंतर कॉफीच्या यंत्राजवळ जर्मनमध्ये होतो, हे बहुतेक नवागतांना उशिरा कळते. सी१ या प्रगत पातळीचे लक्ष्य ठेवा आणि अभ्यासवर्गाचा खर्च व कामाच्या वेळेत त्याला हजर राहण्याची मुभा आताच मागून घ्या.

परिवीक्षा काळ साधारणतः ६ महिन्यांचा असतो आणि त्यात २ आठवड्यांच्या सूचनेने कोणत्याही बाजूला करार संपवता येतो. कुटुंबाचे स्थलांतर शक्यतो त्यानंतर करावे.

विभागप्रमुख या बिरुदाला फार महत्त्व देऊ नका. ते कोणत्याही ओळखपत्रावर छापता येते. प्रोकूरा मात्र वेगळी गोष्ट आहे. कंपनीच्या वतीने करार करण्याचा हा व्यापक अधिकार व्यापार नोंदवहीत नोंदवला जातो आणि तो कोणाकडे आहे हे बाहेरच्यालाही पाहता येते. तुम्ही कोणाला उत्तरदायी असाल, व्यवस्थापन मंडळाच्या बैठकीला बसाल का आणि प्रोकूराचा विचार केव्हा व कोणत्या निकषांवर होईल, हे तीन प्रश्न सही करण्यापूर्वी विचारा. उत्तर ‘पुढे पाहू’ असे आले, तर निदान एका वर्षाने आढावा घेण्याचे कलम करारात घालायला सांगा.