महिंद्रा युनायटेड हा कंपनीचा फुटबॉल क्लब नक्की काय होता, आणि एवढं जिंकूनही बंद का पडला?

प्रश्नाखाली तुम्ही विचारलंय, "कंपनीच्या नावाचा क्लब म्हणजे स्पॉन्सर ना?" घोळ तिथेच आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो. स्पॉन्सर नाही. स्पॉन्सरचं नाव जर्सीवर आज आहे, उद्या दुसऱ्याचं चिकटेल. महिंद्राचा संघ महिंद्रा अँड महिंद्रा कंपनीचाच होता, जसं कंपनीचं कॅन्टीन कंपनीचं असतं तसा. १९६२ साली तो उभा राहिला आणि कितीतरी वर्षं मुंबईतल्या इतर ऑफिसांच्या संघांशी खेळत राहिला.

ही ऑफिसांची भानगड कळल्याशिवाय महिंद्रा कळणार नाही. माझा मामा महिंद्रात नव्हता, एका बँकेत होता, पण जग तेच. स्पोर्ट्स कोट्यातून क्लार्क लागला, खेळायचा लेफ्ट बॅक. सकाळी प्रॅक्टिस, मग येऊन मस्टरवर सही, आणि मॅच असली की जेवणाच्या सुट्टीनंतर सुटका. त्याच्या टेबलाला तीन खण होते. वरच्यात शिक्के, मधल्यात डबा, खालच्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेले बूट. मुंबईचा लोकल फुटबॉल पावसाळ्यातला, त्यामुळे जून ते सप्टेंबर त्या खणातून ओल्या चामड्याचा आणि आयोडेक्सचा वास यायचा. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी शेवटी उदबत्तीचा पुडा आणून ठेवला होता. एकोणतिसाव्या वर्षी मामाचा गुडघा गेला. फुटबॉल संपला, नोकरी नाही संपली. आणखी एकतीस वर्षं तो त्याच बँकेत होता, ऑफिसर होऊन रिटायर झाला. आजही पेन्शन घेतो आणि लंगडतो.

सौदा हा असा होता. पोरगा चांगला खेळतो ना, मग त्याला चिकटवून घ्या. तो दहा वर्षं ऑफिससाठी खेळेल, पुढे ऑफिस त्याला पोसेल. टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, रेल्वे, खतांची कंपनी आरसीएफ, एअर इंडिया, सगळ्यांचे संघ. हारवुड लीग, नाडकर्णी कप या मुंबईच्या स्पर्धांत हीच नावं. ग्राउंडवर खेळाडूची ओळखसुद्धा ऑफिसवरून. 'कोण रे हा?' असं कोणी विचारायचं नाही, 'कुठल्या ऑफिसचा?' असं विचारायचे.

आणि हा काही टाइमपास फुटबॉल नव्हता. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक मारणारा नेव्हिल डिसूझा मुंबईच्या याच ऑफिस-फुटबॉलमधला. १९५८ साली कॅल्टेक्स या तेल कंपनीच्या संघाने रोव्हर्स कप जिंकला, म्हणजे मुंबईत कूपरेज मैदानावर होणारी देशातली मोठी स्पर्धा. सरकारी खातीही मागे नव्हती. त्याच कूपरेजवर १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं रोव्हर्स कप नेला तो हैदराबाद सिटी पोलिसांनी. त्यांचे कोच सय्यद अब्दुल रहीम, ज्यांनी पुढे १९६२ला भारताला एशियाडचं सुवर्ण मिळवून दिलं.

महिंद्रा त्या काळात यातला एक, बस. देशभर नाव व्हायला बराच वेळ लागला. १९९१च्या फेडरेशन कपच्या फायनलला ते पोचले आणि केरळ पोलिसांकडून हरले. एका बाजूला जीपचा कारखाना, दुसऱ्या बाजूला पोलीस खातं, आणि त्या खात्यात आय. एम. विजयन, व्ही. पी. सत्यन यांच्यासारखे खेळाडू! देशातल्या मोठ्या कपची ही फायनल, आणि दोन्ही संघ 'नोकरीवाले'. आज हे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

मग १९९६ला देशभरच्या क्लबांची नॅशनल लीग आली आणि हिशोब बदलला. लीग म्हणजे महिनोन्‌महिने देशभर प्रवास, परदेशी खेळाडू, करारावरचा पगार. मस्टरवर सही करून हे जमणारं नव्हतं. बऱ्याच ऑफिसांनी तिथेच हात टेकले. महिंद्राने मात्र उलटं केलं, पैसा ओतला. १९९८ला ड्युरँड कप ही देशातली जुनी, मानाची स्पर्धा जिंकली. २००० साली नाव बदलून महिंद्रा युनायटेड केलं. २००१ला परत ड्युरँड, २००३ला फेडरेशन कप. पेपरवाले त्यांना 'जीपमेन' म्हणायचे. २००५-०६ तर सोन्याचं वर्ष. डेरिक परेरा कोच, म्हणजे गोव्याचा माणूस, जो आधी याच संघात खेळला होता. फॉरवर्डला ब्राझीलचा बारेटो आणि घानाचा याकुबू. फेडरेशन कप आणि नॅशनल लीग दोन्ही एकाच मोसमात. मुंबईच्या दुसऱ्या कुठल्याही क्लबला नॅशनल लीग कधी जिंकता आली नाही. २००७ला आशियाई पातळीवरच्या एएफसी कपमध्ये क्वार्टर फायनल, २००८ला तिसऱ्यांदा ड्युरँड.

एवढं असूनही स्टँडमध्ये काय असायचं ते सांगतो. मी कांदिवलीचा, महिंद्राच्या कारखान्यापासून रिक्षाने दहा मिनिटांवर राहणारा. चर्चगेटला उतरून ओव्हलच्या कडेने चालत कूपरेजला जायचो. समोर ईस्ट बंगाल किंवा मोहन बागान असले की स्टँड भरलेलं. पण भरलेलं त्यांच्या माणसांनी! मुंबईतले बंगाली बायकापोरांसकट आलेले, कुणी झालमुडीचा डबा उघडून बसलेलं, झेंडे, घोषणा. आणि महिंद्राच्या लाल जर्सीच्या बाजूने आम्ही चाळीस-पन्नास डोकी, त्यात निम्मे खेळाडूंचे भाऊ आणि मित्र. एकदा महिंद्राने गोल मारला तेव्हा मी एकटाच उभा राहून ओरडलो. पुढच्या रांगेतल्या काकांनी मागे वळून अगदी सहानुभूतीने विचारलं, "कंपनीत आहात का?"

आता का बंद पडला. मार्च २०१०मध्ये कंपनीने जाहीर केलं की मोसम संपला की संघ थांबवतोय, यापुढे पैसा शाळेतल्या मुलांच्या फुटबॉलवर लावू. त्याप्रमाणे स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबबरोबर शाळांची स्पर्धा सुरूही केली. ज्या संघाने चार वर्षांपूर्वी देशाची लीग जिंकली, तो एका पत्रकाने संपला.

लोक म्हणतात पैसा संपला. मला ते पटत नाही. ट्रॅक्टर तेव्हाही खपत होते. माझं म्हणणं असं की कंपनीच्या क्लबला मालक असतो, सभासद नसतो. मोहन बागान १८८९पासून आहे. तिथे सभासद आहेत, निवडणुका आहेत, भांडणं आहेत, बंद करायची नुसती अफवा उठली तरी लोक गेट तोडतील. महिंद्राच्या गेटवर कोण गेलं? कोणी नाही. कामगारांना तो संघ आपला वाटावा, तर एव्हाना त्यांच्या खात्यातलं कोणीच त्यात खेळत नव्हतं. मामा ज्या सौद्यावर जगला तो सौदा लीग जिंकण्याच्या नादात कधीच सुटला होता, आणि त्याच्या जागी शहराचा क्लब काही तयार झाला नाही. ना ऑफिसचा, ना गावाचा.

जे जुन्या पद्धतीने चालत राहिले तेही वाचले नाहीत म्हणा. पंजाबात फगवाड्याचा जेसीटी मिलचा संघ, पहिली नॅशनल लीग जिंकणारा, २०११ला बंद. २०१३ला एअर इंडिया आणि ओएनजीसीला आय-लीगमधून, म्हणजे नॅशनल लीगच्या जागी आलेल्या लीगमधून, बाहेर काढलं. हरले म्हणून नाही, क्लब लायसन्सिंगच्या अटी पुऱ्या करता आल्या नाहीत म्हणून. वयोगटांचे संघ, खेळाडूंशी रीतसर करार, क्लबचं स्वतःचं वेगळं कायदेशीर अस्तित्व वगैरे. सरकारी कंपनीच्या क्रीडा विभागातून हे कसं निघणार? तिथे एका फुटबॉलच्या खरेदीला तीन कोटेशन लागतात (हे मामाचं वाक्य, आणि मामा अतिशयोक्ती करतो).

मुंबईत आता मुंबई सिटी हा क्लब आहे, आयएसएल ही आजची मोठी लीग जिंकलेला, पाठीराखे असलेला. छान आहे. मामा तो बघत नाही.

ऑगस्ट २०२५मध्ये खालिद जमील भारताचा कोच झाला, तेव्हा मी मामाला फोनवर बातमी वाचून दाखवली. आयझॉलला आय-लीग जिंकून दिली, हे केलं, ते केलं. मामाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "खेळायचा कुठल्या ऑफिसकडून?"

म्हटलं, महिंद्रा. मधे एअर इंडिया.

"मग ठीक आहे," मामा म्हणाला.