सासूबाई, सहा महिने आणि पोर्तुगाल

नमस्कार. तुमचं म्हणणं मला समजलं ते असं. तुमचे मिस्टर २०२७ मध्ये बँकेतून निवृत्त होणार, तुम्हीही शाळा त्याच सुमारास सोडणार. बेळगावच्या शहापुरातलं घर गल्लीच्या तोंडाशी, त्यामुळे सणासुदीचे डीजे आणि दिवसभराचे हॉर्न आता सोसत नाहीत. म्हणून उन्हाळा-पावसाळा पोर्तुगालमध्ये आणि दिवाळीनंतर सहा महिने बेळगावात, असं जमेल का, कधी निघावं, कुठलं गाव बघावं आणि मलेशिया कसा, एवढं तुम्ही विचारलंय. मुलगा बंगळुरात आहे. आणि अगदी शेवटी एक ओळ: सासूबाई ८३ वर्षांच्या, तुमच्याजवळच राहतात.

मी त्या शेवटच्या ओळीपासून सुरू करते.

आश्रित आईवडिलांना आणायची तरतूद इथल्या, म्हणजे पोर्तुगालच्या, कायद्यात आहे. म्हणजे कागदावर सासूबाई बसतील. पण जन्म शहापुरात काढलेली बाई इथं कोणाशी बोलणार? दुपारी दारात येऊन बसणाऱ्या चार जणी इथं कुठून आणायच्या? आणि त्यांना कुणाकडे ठेवून यायचं म्हणाल, तर रात्री फोन आल्यावर बेळगाव गाठायला दीड दिवस धरा. आम्ही राहतो त्या तोमार गावाहून लिस्बनपर्यंत रेल्वेला दोन तास, तिथून मधे कुठंतरी विमान बदलून मुंबई किंवा बंगळूर, आणि पुढं सांबऱ्याचं, म्हणजे बेळगावचं, विमान जुळलं तर नशीब. कडू वाटेल, पण माझं मत स्पष्ट आहे. सासूबाई आहेत तोवर कायमचं निघू नका.

आता सहा-सहा महिन्यांचं. निवृत्त लोक ज्यावर येतात तो डी ७ व्हिसा इथं राहणाऱ्यांसाठी आहे, ये-जा करणाऱ्यांसाठी नाही. आल्यावर पहिला परवाना दोन वर्षांचा मिळतो, पुढचा तीन वर्षांचा. परवान्याच्या मुदतीत सलग सहा महिने, किंवा तुटक धरून एकूण आठ महिने, याहून जास्त देशाबाहेर राहिलात आणि सबळ कारण दाखवता आलं नाही, तर परवाना रद्द होऊ शकतो. हे आठ महिने वर्षाचे नव्हेत, पूर्ण मुदतीचे. दिवाळीला बेळगावला गेलात आणि अक्षय्य तृतीया करून परतलात की पहिल्याच हिवाळ्यात जवळजवळ सगळी सवलत संपली.

खरं सांगू का, तुमचं सगळं वाचून मला वाटलं की तुम्हाला डी ७ नकोच आहे. साधा शेंगेन व्हिसा काढा, युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा. १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. जूनच्या मध्यावर निघायचं, सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, ९० दिवस मोजून, परत. ना इथल्या कराची भानगड, ना परवान्याची. तीन महिने मुलगा-सूनबाई आळीपाळीनं शहापुरात येऊन राहू शकतील. कधीकधी गणपती चुकतील, तेव्हा डीजेही चुकेल.

तरीही पुढंमागं कायमचं यायचं असेल तर वयाचा हिशोब आत्ताच मांडा, कारण गाव नंतर बदलता येतं, वय नाही. कायमस्वरूपी परवान्यासाठी पाच वर्षं इथं काढावी लागतात आणि पोर्तुगीज भाषेची ए २, म्हणजे रोजच्या साध्या व्यवहारापुरती, पातळी दाखवावी लागते. ६१ व्या वर्षी आलात तर ६६ पर्यंत ते होतं. ६९ व्या वर्षी आलात तर ७४, आणि त्या वयात क्रियापदं पाठ करायची! खाजगी आरोग्यविम्याचंही तेच. साठीच्या आसपास नवीन पॉलिसी मिळते, त्यापुढं ती महागते, आणि सत्तरीनंतर बऱ्याच कंपन्या दारातही उभं करत नाहीत. भारतातला तुमचा मेडिक्लेम इथं उपयोगाचा नाही, पण तो बंद करू नका. परतायची वेळ आली तर सत्तरीत नवा कोण देणार?

पैशाचं. डी ७ साठी पेन्शन, घरभाडं, व्याज असं बसल्याजागी येणारं उत्पन्न दाखवावं लागतं, आणि ते इथल्या किमान वेतनाला बांधलेलं आहे. २०२५ मध्ये किमान वेतन ८७० यूरो होतं. नवराबायकोसाठी दीडपट, म्हणजे महिन्याला १,३०५. यूरो १०० रुपयांचा धरला तरी एक लाख तीस हजार. ही रक्कम दरवर्षी वाढते, त्यामुळे २०२७ मध्ये आकडा मोठा असेल. एकट्या बँक पेन्शनवर हे होणं अवघड आहे. शहापूरच्या घराचं भाडं, ठेवींचं व्याज, तुमचं स्वतःचं पेन्शन असं सगळं मिळवून बघा. त्याशिवाय वर्षभराची रक्कम, २०२५ च्या हिशोबानं १५,६६० यूरो, इथल्या बँकेत आधीच ठेवलेली बरी.

ती पाठवताना एक ध्यानात ठेवा. भारतात राहणाऱ्याला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, पण एका आर्थिक वर्षात एका माणसाचे दहा लाख रुपये ओलांडले की वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो विवरणपत्र भरल्यावर वळता होतो, तरी पैसे अडकतात. दोघांच्या नावानं निम्मे निम्मे पाठवलेत तर प्रश्नच येत नाही. मिस्टर बँकेतले, त्यांना हे माझ्याहून चांगलं माहीत असणार.

कराबाबत आमच्यावरून अंदाज बांधू नका. आम्ही कोरोनाच्या आधी आलो, तेव्हा बाहेरून येणाऱ्या पेन्शनरांना दहा वर्षांची मोठी सवलत होती. २०२४ पासून ती नव्या लोकांना बंद झाली. वर्षात १८३ दिवसांहून जास्त इथं राहिलात की जगभरातलं उत्पन्न इथं दाखवावं लागतं. भारत-पोर्तुगाल दुहेरी कर टाळण्याचा करार आहे. तो वाचलेला सी.ए. गाठा, गल्लीतला नेहमीचा नको.

आता गाव. लिस्बन आणि पोर्तोचं घरभाडं पेन्शनीत बसत नाही, ते विसरा. दक्षिणेला आल्गार्व्हचा किनारा सुंदर, पण ऑगस्टमध्ये तिथं पाय ठेवायला जागा नसते. एव्होरा उन्हाळ्यात चाळिशी गाठतं, आणि तुम्ही बेळगावच्या हवेची माणसं. कोइंब्राला मोठं इस्पितळ आहे, विद्यापीठ आहे, मोंदेगू नदी आहे. पण मे महिन्यात विद्यार्थ्यांचा उत्सव असतो, तेव्हा झोपेचं नाव काढायचं नाही. तोमार लहान, तालुका धरून छत्तीस हजारांच्या आसपास वस्ती, वर टेम्पलर या मध्ययुगीन ख्रिस्ती योद्ध्यांचा किल्ला आणि खाली नबाव नदी. दर चार वर्षांनी इथं तबुलेइरूंचा उत्सव होतो. पोरी आपल्या उंचीइतकी पावांची उतरंड डोक्यावर घेऊन मिरवतात. मागचा २०२३ ला झाला, पुढचा २०२७ च्या जुलैत. मिस्टरांच्या निवृत्तीचा मुहूर्त त्याच्याशी जुळला तर बघा की!

शहरातच राहा. डोंगरात निलगिरीच्या रानाला लागून स्वस्त दगडी घरं विकायला असतात, फोटो बघून जीव जातो. जून २०१७ मध्ये पेद्रोगाव ग्रांदेच्या वणव्यात ६६ माणसं गेली, तो भाग आमच्यापासून फार लांब नाही. आणि घर विकत घेऊच नका, निदान दोन हिवाळे भाड्यानं राहिल्याशिवाय. हिवाळा म्हणते ते मुद्दाम. इथल्या बहुतेक जुन्या घरांत उष्णतेची सोय नसते. बाहेर ऊन आणि आत बर्फ. जानेवारीत भिंतींना ओल येते आणि कपाटातल्या कपड्यांना बुरशी लागते, जुलैत टिळकवाडीच्या घरात लागते तशी, फक्त इथं हाडं गारठलेली असतात. म्हणून एकदा जानेवारी-फेब्रुवारीत येऊन राहा. जूनमध्ये येणाऱ्याला पोर्तुगाल आवडतोच, त्यात काही कळत नाही.

शांततेचं तुम्ही सगळ्यात जास्त लिहिलंय, तर खरं चित्र सांगते. हॉर्न नाहीत. रविवारी दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. पण खेड्यांत रात्रभर कुत्री भुंकतात, दाराला बांधलेली. ऑगस्टमध्ये फ्रान्स-स्वित्झर्लंडला कामाला गेलेले लोक सुट्टीला गावी येतात आणि गावोगाव संतांच्या जत्रा भरतात. मध्यरात्र उलटेपर्यंत भोंगे, सकाळी आठला फटाक्यांचे बाण. पहिल्या ऑगस्टमध्ये आमचे हे म्हणाले, आपण अनगोळला परत आलो काय? त्या महिनाभराशिवाय मात्र खरोखर निवांत आहे. निवांत इतकं, की नोव्हेंबरातल्या पावसात दोन-दोन दिवस नवऱ्याशिवाय कुणाशी बोलणं होत नाही. ते तुम्हाला चालेल का, हे तुम्हीच ठरवायचं. मला चालतं.

दवाखान्याचं थोडक्यात. परवाना मिळाला की सरकारी आरोग्यसेवेत नाव घालता येतं आणि तातडीचे उपचार चांगले होतात. पण ठरलेला कुटुंब-डॉक्टर मिळेलच असं नाही, देशात पंधरा लाखांहून जास्त लोक त्याच्याविना आहेत. तपासण्यांना महिनोन् महिने लागतात. बेळगावात सकाळी गेलं की संध्याकाळी रिपोर्ट हातात, ही सवय मोडावी लागेल.

भाषा. तुमचे कान तयार आहेत, हे विसरू नका. घरी मराठी, कचेरीत कन्नड, कॅम्पात हिंदी, भाजीच्या गोव्याकडच्या व्यापाऱ्याशी कोकणी, एवढं करणाऱ्या माणसाला अजून एक भाषा जड जात नाही. आणि दुसऱ्याच्या भाषेतला फॉर्म भरताना जो संकोच मुंबई-पुण्याच्या लोकांना वाटतो, तो आपल्याकडे कधीच मेलेला असतो. मोबाईलवरच्या बऱ्याच ॲपांत ब्राझीलचं पोर्तुगीज शिकवतात, इथले लोक मात्र निम्मे स्वर गिळून बोलतात. त्यापेक्षा पणजीत कामोइंश संस्थेचं भाषा केंद्र आहे, तिथं चौकशी करा. पोर्तुगालचा वाणिज्य दूतावासही पणजीत आहे. व्हिसाचा अर्ज कुठं द्यायचा हे तिथूनच विचारून घ्या.

कागदांना मात्र आजच लागा, सासूबाई असोत नसोत. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाचा यात जास्त वेळ जातो. जन्म-लग्नाचे दाखले कन्नडमध्ये, शाळेचा मराठीत, आधार तिसऱ्याच स्पेलिंगनं. जुन्या पासपोर्टवर जन्मगाव बेलगाम, आणि १ नोव्हेंबर २०१४ नंतरच्या दाखल्यावर बेळगावी. इथल्या खिडकीवरच्या माणसाला ही दोन वेगळी गावं वाटतात. नावं आणि आडनावं सगळीकडे एक करून घ्या, मग दाखल्यांची भाषांतरं, राज्याची पडताळणी आणि परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा शिक्का, यांच्या मागे लागा. पोलीस दाखला सगळ्यात शेवटी काढा, त्याची मुदत लवकर संपते.

शहापूरचं घर विकू नका. भाड्यानं द्या, पण एक खोली कुलूप लावून स्वतःकडे ठेवा. मुलाच्या नावे मुखत्यारपत्र नोंदणी करून द्या, म्हणजे ई-खाता (घराची सरकारी नोंद), घरपट्टी त्याला बघता येईल. खानापूरकडे तुमची शेती असेल तर ती अनिवासी झाल्यावरही ठेवता येते, मात्र नवी शेतजमीन घेता येत नाही. बचत खाती एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाची खाती, करावी लागतात, पेन्शन त्यात जमा होऊ शकतं. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत अनिवासी माणसाला नवं खातं उघडता येत नाही. हयातीचा दाखला भारतीय दूतावासातून देता येतो.

मलेशियाबद्दलही तुम्ही विचारलंत. तिथली दीर्घ मुदतीची योजना २०२४ मध्ये पुन्हा बदलली. नेहमीच्या श्रेण्यांतल्या सगळ्यात खालच्या श्रेणीलाही दीड लाख डॉलरची ठेव आणि वर घरखरेदी, त्यामुळे सोडून द्या. थायलंड पन्नाशीनंतर घेतं, आठ लाख बाट बँकेत ठेवावे लागतात. पण तिथं कायम राहायचा हक्क असा मिळत नाही, वर्षाला वर्ष जोडत जायचं. आणि बेळगावजवळच्या जांबोटी-कणकुंबीकडे घर बांधायचा विचार मनात असेल, तर आवाजाचा प्रश्न तिथंच सुटतो. पावसाळ्यातली वीज आणि रात्री-अपरात्री बेळगावचा दवाखाना गाठणं, एवढंच बघायचं. सासूबाईंनाही ते मानवेल, शनिवारी त्या शहापुरात येऊ शकतील.

जानेवारीत आलात तर आमच्याकडे जेवायला या. कुंदा आणू नका. दुधाचे पदार्थ युरोपात सामानातून आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात आणि जीव हळहळतो. कढीपत्ताही नको. तांदूळ, हरभरे, कोथिंबीर इथं मुबलक मिळतं, हे लोक युरोपात सगळ्यात जास्त भात खाणारे. मोहरी-हिंग आम्ही लिस्बनच्या मार्तीम मोनीझ भागातून आणतो. तेव्हा डब्यांची जागा वाचवा आणि लोकरीचे मोजे, जाड रजई असं काहीतरी भरा.